चार जिनिंगचे डेटाबेस सर्व्हर परभणीत बसून बघायचे: कामाच्या नोंदी

९ सप्टेंबर २०२४, सोमवार

लांबच्या सर्व्हरवरच्या सेवा (मागे आपोआप चालत राहणारे प्रोग्राम) चालू आहेत का हे परभणीत बसून बघत राहायचं, हे काम आज हातात घेतलं. एका शेठच्या चार जिनिंग (कापसाची सरकी काढायचे कारखाने) आहेत: मानवत, सेलू, पाथरी आणि गंगाखेड. मुख्य ऑफिस परभणीत, मोंढ्याजवळ. प्रत्येक जिनिंगवर वजनकाटा, काट्याच्या खोलीत एक सर्व्हर आणि त्यावर खरेदीचा सगळा हिशेब: भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, भाव, शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी. मानवत, सेलू आणि पाथरीला मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, एसक्यूएल सर्व्हर २०१४ स्टँडर्ड, गंगाखेडला त्याचीच फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती. खाली विंडोज सर्व्हर २०१२ आर-२. २०१४ ला मायक्रोसॉफ्टचा आधार ९ जुलैला संपला. ते बदलायचं आहेच, पण हंगाम तोंडावर असताना त्याला हात लावायचा नाही असं ठरलं.

हे काम का निघालं ते सांगतो. मागच्या हंगामात पाथरीला एसक्यूएल सर्व्हर एजंट ही सेवा ११ दिवस बंद होती. रात्रीचा बॅकअप तीच सेवा घेते. मुख्य डेटाबेस सेवा चालू होती, पट्ट्या निघत होत्या, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. बाराव्या दिवशी हार्डडिस्क गेली. ११ दिवसांच्या पट्ट्या कार्बन कॉपीवरून परत भरायला दोन मुलं चार रात्री बसली. सात कार्बन कॉप्या सापडल्याच नाहीत. त्या सात शेतकऱ्यांना "तुमच्याकडची पट्टी घेऊन या" असा फोन मी स्वतः केला, कारण सर्व्हरची देखभाल माझ्याकडे होती. एकाने विचारलं, "सर, पैसे बुडत्याल का माझे?" पैसे बुडाले नाहीत. पण तो प्रश्न परत कोणाला विचारायला लागू नये, एवढ्यासाठी हे सगळं.

बघायच्या सेवा चार: मुख्य डेटाबेस सेवा, एजंट, ब्राउझर (इंटरनेटचा नव्हे, एसक्यूएल सर्व्हरचीच एक सेवा; सेलूला 'नावाचं इन्स्टन्स', म्हणजे वेगळं नाव दिलेली एसक्यूएल सर्व्हरची प्रत आहे म्हणून) आणि काट्याचा आकडा वाचणारी सॉफ्टवेअरवाल्यांची सेवा. दसरा १२ ऑक्टोबरला आहे. त्या दिवशी काटापूजन आणि खरेदीचा मुहूर्त. म्हणजे हातात महिनाभर.

१० सप्टेंबर

आज घरी महालक्ष्म्या बसल्या. संध्याकाळी दोन तास काढून फक्त ऑफिसातल्या चाचणीच्या संगणकावर पाहिलं. एकाच नेटवर्कमध्ये असताना पॉवरशेलच्या (विंडोजला आदेश लिहून द्यायचं साधन) एका ओळीत दुसऱ्या संगणकावरच्या सेवेची स्थिती कळते. काम दोन दिवसांचं आहे असं शेठना सांगून बसलो. तो अंदाज चुकला, पुढे दिसेलच.

१३ सप्टेंबर

पाथरी. जिनिंगवर फोर-जी राउटर आहे आणि त्याला बाहेरून पोहोचता येईल असा स्वतःचा पत्ताच मिळत नाही. कंपनी एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहक ठेवते. परभणीतून आत शिरायला रस्ताच नाही.

तिथून परतताना मानवतला उतरलो. तिथे ब्रॉडबँड आहे आणि स्थिर पत्ता घेतलेला आहे. राउटरवर १४३३ पोर्ट (डेटाबेसशी जोडायचं दार) उघडला, परभणीतून जोडून पाहिलं, जोडणी झाली. चाचणी चालू ठेवून जेवायला गेलो. तीन तासांनी त्रुटींची नोंदवही उघडली तर १८४५६ क्रमांकाच्या ओळींची रांग: 'एसए' या (डेटाबेसच्या मुख्य प्रशासकाच्या) खात्याने आत शिरायचे फसलेले प्रयत्न, वेगवेगळ्या देशांतल्या पत्त्यांवरून, एका सेकंदात तीन-तीन. पासवर्ड पक्का होता म्हणून निभावलं. पोर्ट लगेच बंद केला, पासवर्ड बदलला, 'एसए' खातं निष्क्रिय केलं.

हे वाचून कोणी असंच काम करणार असेल तर त्याला हात जोडून सांगतो: डेटाबेसचा पोर्ट इंटरनेटवर उघडू नका, चाचणीपुरताही नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुक्तिसंग्राम दिन आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी. ऑफिस बंद, जिनिंगवर फक्त वॉचमन, म्हणून मोकळेपणी काम करता आलं. दोन ठिकाणांमध्ये इंटरनेटवरून सुरक्षित बोगदा काढणारं वायरगार्ड बसवलं. जिनिंगचा सर्व्हर आतून बाहेर जोडतो, त्यामुळे स्वतःचा पत्ता नसला तरी चालतं. दर २५ सेकंदांनी एक हाक देत राहायची सेटिंग लागते, नाहीतर फोर-जीवरची वाट थोड्या वेळाने बुजते. हे पहिल्या तासातच कळलं.

बोगदा तयार झाला, पिंग गेला, सेवा मात्र दिसेना. त्रुटी १७२२, आरपीसी सर्व्हर उपलब्ध नाही. सेवांची स्थिती विचारायची ही जुनी पद्धत १३५ पोर्टवर दार ठोठावते आणि पुढचं बोलणं ४९१५२ च्या वरच्या कुठल्याही पोर्टवर करते. फायरवॉलमध्ये तेवढी मोकळीक दिली. मग त्रुटी ५, प्रवेश नाकारला. हे संगणक डोमेनमध्ये (एका मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यात) नाहीत, नुसते वर्कग्रुपमध्ये आहेत. अशा ठिकाणी प्रशासकाचं साधं खातं लांबून आलं की विंडोज त्याचे अधिकार छाटून टाकतं.

१९ सप्टेंबर

दोन दिवस त्रुटी ५ मध्ये गेले. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) एक किल्ली १ केली की अधिकार छाटले जात नाहीत आणि काम होतं. करून पाहिलं, झालंही. रात्री मात्र मन खाऊ लागलं. चारही ठिकाणी प्रशासकाचा पासवर्ड एकच आहे (तोही बदलायला हवा). एका जिनिंगवर व्हायरस शिरला तर तेच खातं घेऊन तो बोगद्यातून बाकीच्या तिन्ही ठिकाणी जाईल, आणि त्याच्यासाठी दार मीच उघडून ठेवलेलं असेल. सकाळी किल्ली काढून टाकली.

मग दिशाच उलटी केली. परभणीने जिनिंगला विचारायचं नाही, जिनिंगच्या सर्व्हरने स्वतः सांगत राहायचं. आत येणारा एकही पोर्ट उघडावा लागत नाही, लांबून प्रशासकाचे अधिकारही लागत नाहीत. हे पहिल्याच दिवशी सुचलं असतं तर आठवडा वाचला असता.

२१ सप्टेंबर

भाड्याचा छोटा लिनक्स सर्व्हर घेतला, १ जीबी मेमरी, महिना ६५० रुपये. त्यावर झॅबिक्स हे सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे. जिनिंगच्या सर्व्हरवर बसणाऱ्या त्याच्या भागालाही एजंटच म्हणतात. गोंधळ नको म्हणून या नोंदींत त्याला पहारेकरी म्हणतो. एजंट म्हटलं की एसक्यूएलचाच. पहारेकऱ्याला 'सक्रिय' पद्धतीत लावलं: तोच बाहेरच्या सर्व्हरच्या १००५१ पोर्टला जोडतो आणि दर मिनिटाला सेवांची स्थिती कळवतो. मधलं बोलणं गुप्त किल्लीने कुलूपबंद केलं, प्रत्येक जिनिंगची किल्ली वेगळी. वायरगार्ड आता या कामाला लागत नाही; लांबून दुरुस्ती करायला ठेवलं आहे.

संध्याकाळी चारही जिनिंगच्या सगळ्या सेवा लाल. फोन करून विचारलं तर सगळीकडे काम सुरळीत. दीड तास फायरवॉल, परवानग्या, सेवांची नावं तपासली. चूक आकड्यात होती. विंडोजच्या स्वतःच्या आदेशात ४ म्हणजे चालू आणि १ म्हणजे थांबलेली. झॅबिक्समध्ये ० म्हणजे चालू, ६ म्हणजे थांबलेली आणि २५५ म्हणजे अशी सेवाच नाही. मी सवयीने "४ नसेल तर ओरड" अशी अट लिहिली होती. अट बदलली, सगळं हिरवं झालं. दोन्ही आकडे कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवले.

गंगाखेडचा एजंट तरीही लालच. एक्सप्रेस आवृत्तीत ही सेवा यादीत दिसते पण निष्क्रिय असते, आणि काही केलं तरी चालू होत नाही. एक्सप्रेसमध्ये एजंट नाहीच. मग गेल्या हंगामात गंगाखेडचे बॅकअप कोण घेत होतं? कोणीच नाही. मुनीमजींनी महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर घेतलेली एक फाइल, एवढंच. पाथरीला जे घडलं ते गंगाखेडला घडलं असतं तर ११ दिवसांचं नाही, अख्ख्या महिन्याचं गेलं असतं. आज रात्रीच विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी काम चालवणारं साधन) बॅकअप लावला.

२४ सप्टेंबर

मानवतला मुनीमजींची परवानगी घेऊन डेटाबेस सेवा मुद्दाम थांबवली. दीड मिनिटात टेलिग्रामवर निरोप आला. परत चालू केली, परत निरोप. छान.

मग सर्व्हरची नेटवर्क वायर काढली आणि घड्याळ लावून बसलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. वीस मिनिटं. पडद्यावर मानवत हिरवंच.

या सगळ्या कामातली सगळ्यात मोठी चूक मला इथे दिसली. शेवटचा आलेला निरोप "चालू" होता, म्हणून पडदा तेच दाखवत राहिला. सर्व्हर जळून गेला असता तरी हिरवाच दिसला असता. सेवा थांबल्याची बातमी सांगायला सर्व्हर जिवंत लागतो, आणि मेलेला सर्व्हर काहीच सांगत नाही. म्हणून निरोप येणं थांबणं हीच वेगळी धोक्याची खूण धरायची. झॅबिक्समध्ये त्यासाठी तयार अट आहे. मी १० मिनिटांची लावली.

२६ सप्टेंबर

मुनीमजींचा सकाळी फोन: "भाऊ, रातभर मोबाईल वाजायलाय. शेवटी बंद करून ठेवला." रात्रीत ४३ निरोप. पाऊस होता, लाइट येऊन-जाऊन होती, फोर-जीचा टॉवर पण बंद-चालू होत होता. दर वेळी "निरोप नाही", मग "निरोप आला".

लोकांनी मोबाईल बंद ठेवायला लागावं अशी सूचना यंत्रणेने द्यायची नसते. त्यात खरी सूचना आली तरी कोण बघणार? दिवसभर बसून अटी नव्याने लिहिल्या. इंटरनेट गेल्याची सूचना अर्ध्या तासाने, आणि सकाळी ७ ते रात्री ९ या वेळेतच, फक्त मला. सेवा थांबल्याची सूचना कोणत्याही वेळी, पण स्थिती सलग ५ मिनिटं तशीच राहिली तर. मुनीमजींना फक्त दुसऱ्या प्रकारची.

ही ५ मिनिटं आणखी एका कारणाने लागतात. सेलूला लाइट आल्यावर जुन्या डिस्कवर विंडोज इतकं हळू उठतं की ३० सेकंदांच्या ठरलेल्या मुदतीत डेटाबेस सेवा जागी होत नाही आणि विंडोज तिचा नाद सोडतं. इव्हेंट लॉगमध्ये ७००९ आणि त्यापाठोपाठ ७००० अशा नोंदी सापडल्या, जून महिन्यापासूनच्या. दर वेळी कोणीतरी हाताने सेवा चालू करत होतं आणि मला सांगत नव्हतं. डेटाबेस सेवा आणि एजंट दोन्हींना 'उशिरा सुरुवात' लावली. म्हणजे बाकीच्या सेवा उठल्यावर सुमारे दोन मिनिटांनी या उठतात. ती दोन मिनिटं लाल दिसणारच, त्यावर ओरडायचं नाही.

३० सप्टेंबर

काट्यांच्या खोल्यांतले यूपीएस बघितले. कापसाची बारीक रुई आत जाऊन पंखे गच्च. पाथरी आणि गंगाखेडच्या बॅटऱ्या चार मिनिटंही टिकत नव्हत्या. दोन बॅटऱ्या, २१०० रुपये. या कामाच्या अंदाजात हा खर्च धरला नव्हता; शेठनी काही न बोलता दिला.

५ ऑक्टोबर, शनिवार

मानवत. पडद्यावर चारही सेवा हिरव्या, एजंटसुद्धा. सहज बॅकअपचं फोल्डर उघडलं. शेवटची फाइल २ तारखेच्या पहाटेची.

एजंट चालू होता. रोज रात्री १ वाजता त्याने बॅकअपचं काम सुरू केलं आणि तीन रात्री ते फसलं. त्रुटी ३, सांगितलेला मार्ग सापडत नाही. बॅकअप बाहेरच्या यूएसबी डिस्कवर जातो. कोणीतरी पेनड्राइव्ह लावला असताना संगणक बंद-चालू झाला, डिस्कचं अक्षर ई चं एफ झालं.

बराच वेळ तसाच बसून राहिलो. पाथरीचा प्रसंग मी "एजंट बंद होता" असा लक्षात ठेवला होता, म्हणून एजंट चालू आहे का एवढंच महिनाभर बघत आलो. बघायला हवं होतं बॅकअप झाला का हे.

डिस्कला झेड हे पक्कं अक्षर दिलं. एसक्यूएल सर्व्हर स्वतःच्या एमएसडीबी या डेटाबेसमध्ये प्रत्येक यशस्वी बॅकअपची वेळ 'बॅकअपसेट' या तक्त्यात लिहून ठेवतो. आता पहारेकऱ्याने दर अर्ध्या तासाला तिथून शेवटच्या पूर्ण बॅकअपला किती तास झाले हे विचारायचं. २६ च्या वर गेलं की सूचना. यात गंगाखेडही आपोआप बसतं, कारण बॅकअप एजंटने घेतला की टास्क शेड्युलरने, वेळ त्याच तक्त्यात लिहिली जाते.

६ ऑक्टोबर

कालचं वाटलं तितकं सरळ झालं नाही. तीन ठेचा लागल्या.

पहारेकरी विंडोजच्या 'लोकल सिस्टिम' खात्यावर चालतो. २०१२ पासूनच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्या खात्याला आपसूक प्रशासकाचे अधिकार नसतात, त्यामुळे तक्ता वाचताच येईना. त्याला फक्त त्या एका तक्त्याचं वाचन दिलं, बाकी काही नाही. मग उत्तर आलं, पण आकड्याखाली "एक ओळ मिळाली" अशा अर्थाचं शेपूट लागून, म्हणून झॅबिक्स त्याला आकडा मानेना. प्रश्नाच्या सुरुवातीला 'नोकाउंट ऑन' लिहिलं आणि स्तंभाचं शीर्षक न छापण्याची खूण दिली तेव्हा निव्वळ आकडा मिळाला. शेवटी सेलूहून उत्तरच येईना: पहारेकरी आदेशाची वाट मुळात ३ सेकंद बघतो आणि तिथला संगणक पहिल्या जोडणीलाच ५ सेकंद घेतो. मुदत १५ सेकंद केली.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी पाथरीच्या काटापूजनाला गेलो. काट्याच्या खोलीत सर्व्हरलाही झेंडूची माळ आणि हळद-कुंकू. माळ मागच्या पंख्याच्या तोंडावर आली होती, ती समोर सरकवून घेतली. पहिली गाडी रेणाखळीकडच्या एका शेतकऱ्याची. पट्टी निघाली ती मी हातात घेऊन पाहिली. रात्री १ चा बॅकअप झाल्याचा आकडा पहाटे मोबाईलवर पाहिला तेव्हा झोप लागली.

१६ ऑक्टोबर

काल दुपारी २ ते संध्याकाळी ७ एकही निरोप नाही. मला वाटलं दिवस चांगला चाललाय. सातला पडदा उघडला तर तो उघडेचना.

भाड्याच्या सर्व्हरवर झॅबिक्सचा स्वतःचा डेटाबेस आहे. १ जीबी मेमरी कमी पडली आणि लिनक्सने मेमरी वाचवायला सगळ्यात जास्त खाणारी प्रक्रिया मारली: तो डेटाबेसच. चार डेटाबेसवर पहारा ठेवणारी जागा स्वतःचाच डेटाबेस बंद पडून पाच तास आंधळी होती, आणि हे सांगायला कोणी नव्हतं. त्या पाच तासांत जिनिंगवर काही झालं नाही हे नशीब.

मेमरी २ जीबी केली (भाडं आता ११०० रुपये), शिवाय २ जीबीची स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा). त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑफिसातल्या सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट लावली. ती दर १० मिनिटांनी झॅबिक्स उत्तर देतो का बघते आणि देत नसेल तर स्वतःच टेलिग्रामवर कळवते. दोन्ही एकमेकांवर नजर ठेवतात आणि एक परभणीत, दुसरा बाहेर, त्यामुळे एकाच वेळी दोघांची लाइट जायची नाही.

स्क्रिप्ट पहिल्यांदा चाललीच नाही. "सुरक्षित वाहिनी तयार करता आली नाही." २०१२ आर-२ वरचं पॉवरशेल सांगितल्याशिवाय टीएलएसची (जोडणी सुरक्षित करणारी पद्धत) जुनी आवृत्ती वापरतं, आणि टेलिग्रामला १.२ लागते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला एका ओळीत १.२ वापरायला सांगितलं की झालं. या एका ओळीपायी रात्रीचे साडेअकरा वाजले.

आणखी एक ठेवलं: रोज सकाळी ८ वाजता एक निरोप, "चार सर्व्हर, चार बॅकअप, शेवटचे इतक्या वाजता." तो शेठ, मुनीमजी आणि मी तिघांना. आठला तो आला नाही तर तिघांपैकी कोणीतरी विचारेलच.

२२ ऑक्टोबर

सेलूहून काट्यावरच्या मुलीचा फोन: "सर, नवीन संगणकावर पट्टी निघंना गेली. जुन्यावर निघायलीय." पडद्यावर डेटाबेस हिरवा. बाहेर १४ ट्रॅक्टर उभे.

ब्राउझर सेवेची ओळ पिवळी होती. महत्त्वाची नाही समजून तिच्यावर मी सूचनाच लावली नव्हती. सेलूला नावाचं इन्स्टन्स आहे आणि त्याचा पोर्ट दर वेळी बदलू शकतो. तो कुठला हे विचारायला संगणक यूडीपी १४३४ वर ब्राउझर सेवेकडे जातो. जुना संगणक सकाळीच जोडलेला होता, त्याला विचारायची गरज नव्हती. नवा दुपारी चालू केला, त्याला उत्तर द्यायला कोणी नव्हतं. वायरगार्डवरून ब्राउझर चालू केली, तीन मिनिटांत पट्टी निघाली.

रात्री काटा बंद झाल्यावर इन्स्टन्सला पक्का पोर्ट दिला, दोन्ही संगणकांच्या जोडणीत तो लिहिला, आणि ब्राउझर थांबवून दोन्हींवर पट्टी काढून पाहिली. ती सेवा आता लागतच नाही. नजर ठेवायच्या गोष्टींतली एक कमी झाली, हे मला चार सूचना वाढवण्यापेक्षा बरं वाटलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पाथरी, संध्याकाळी ६.४०. "एजंट थांबला, ५ मिनिटं."

फोन केला. सॉफ्टवेअरवाल्यांचा तंत्रज्ञ लांबून जोडून काहीतरी दुरुस्ती करत होता, त्यासाठी त्याने डेटाबेस सेवा थांबवली आणि परत चालू केली. एजंट डेटाबेस सेवेवर अवलंबून असतो. ती थांबवताना विंडोज विचारतं की हिच्यावरची दुसरी सेवाही थांबवू का, आणि हो म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. परत चालू करताना मात्र फक्त डेटाबेस सेवा उठते, एजंट उठत नाही. 'रीस्टार्ट' म्हटलं तर दोन्ही उठतात. 'थांबव' आणि मग 'चालू कर' असं दोन पायऱ्यांत केलं की एजंट मागे राहतो.

गेल्या वर्षीचे ११ दिवसही असेच सुरू झाले असावेत. ती डिस्क गेल्यामुळे सिद्ध करता येणार नाही. तंत्रज्ञाला दोष द्यायचा नाही, त्याची दुरुस्ती बरोबर होती. त्याला नीट सांगितलं, त्यानेही लिहून घेतलं.

तिन्ही स्टँडर्ड सर्व्हरवर टास्क शेड्युलरमध्ये दर १० मिनिटांची एक तपासणी लावली: डेटाबेस सेवा चालू आणि एजंट बंद असेल तर एजंट चालू कर, आणि तसं केल्याची नोंद फाइलमध्ये लिही. सूचना तशीच ठेवली. यंत्राने आपोआप सावरलं तरी ते का पडलं हे मला कळायला हवं.

४ नोव्हेंबर

दिवाळीत चार दिवस काटे बंद होते. संगणक बंद ठेवल्याने मला "निरोप नाही" अशा सूचना येत राहिल्या. सुट्टीची वेळ यंत्रणेला सांगायची असते, ती मी विसरलो. आता मुनीमजींनी आदल्या दिवशी सांगायचं आणि मी ती जिनिंग तेवढ्या काळापुरती 'देखभालीत' टाकायची असं ठरलं.

हिशेब मांडला. ९ सप्टेंबरपासून माझे साधारण ११० तास. त्यात निम्म्याहून जास्त पहिल्या दहा दिवसांत, लांबून आत शिरण्याच्या नादात. भाडं आजवर १७५० रुपये, बॅटऱ्या २१००, पेट्रोल सुमारे ३२००. सॉफ्टवेअरला एक रुपया नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

एक गोष्ट राहिली होती. बॅकअपची वेळ रोज येते, पण त्या फाइलमधून डेटाबेस परत उभा राहतो का हे एकदाही पाहिलं नव्हतं.

पाथरीची काल रात्रीची फाइल परभणीला आणली. फोर-जीवरून आणायला दोन तास लागले, त्यापेक्षा मोटारसायकल बरी पडली असती. ऑफिसात एसक्यूएल २०१९ एक्सप्रेस आहे. जुन्या आवृत्तीची फाइल नव्यावर चढते, उलट चढत नाही. या एक्सप्रेसची मर्यादा १० जीबी, पाथरीचा डेटाबेस ६, म्हणून बसला. पहिल्यांदा चढेना, कारण फाइलमध्ये मूळ डिस्कचा मार्ग लिहिलेला असतो आणि तो डी ड्राइव्ह इथे नाही. नवा मार्ग दिल्यावर १८ मिनिटांत चढला.

मग पाथरीला फोन लावला. काट्यावरच्या मुलीला म्हटलं, काल रात्री शेवटची निघालेली पट्टी काढ आणि वाचून दाखव. तिने पट्टी क्रमांक वाचला, गाडीचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा, भाव आणि शेवटची रक्कम. मी इकडे पडद्यावर बोट ठेवून एकेक आकडा बघत गेलो. सगळे जुळले. "आजून एक वाचू का, सर?" तिने विचारलं. म्हटलं, वाच. तिने मागच्या सात पट्ट्या वाचल्या.